रेंज नसलेल्या जागेच्या शोधात

सतत प्रश्न विचारण्याच्या खोडीमुळे घरी सगळे तिला ‘चौकशी’ म्हणत. ती पाणीपुरवठा खात्यात प्रोग्रामर होती. हजारो मीटरांचे आकडे गोळा करणारा तिथला जुना प्रोग्राम प्रत्येक मीटरसाठी एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक वेगळा धागा, अडकवून ठेवायचा. मीटर वाढले तसा तो धापा टाकू लागला. ‘उत्तर येईपर्यंत हातावर हात धरून बसायचं कशाला?’ या प्रश्नापायी तिनं जावा या संगणकभाषेत नवं फ्रेमवर्क, म्हणजे ज्यावर इतरांनाही आपले प्रोग्राम उभारता येतील असा सांगाडा, लिहिलं. मोजकेच थ्रेड, कुणासाठी न थांबता सगळ्या जोडण्या सांभाळणारे. खात्याच्या परवानगीनं तिनं ते सगळ्यांसाठी खुलंही केलं.

तीन वर्षांनी एका अनोळखी ग्रंथपालांचा ईमेल आला. ‘आमची पुस्तकांची यादी तुमच्या फ्रेमवर्कवर चालते. कधीमधी एका नावाला दुसऱ्याचं शेपूट चिकटतं. काल एकानं “मधमाशीपालन आणि दातांची निगा” मागितलं.’

ती खो खो हसली आणि लगेच कोड उघडून बसली. आठवडाभर ऑफिसात तपासूनही चूक सापडेना. शेवटी तिनं ग्रंथपालांना फोन केला.

“तुमचं नेटवर्क कसं आहे हो?”

“मुंगीच्या पावलांनी चालतं, बाई.”

रविवारी ती लॅपटॉप आणि फोन घेऊन इमारतीच्या तळघरात जाऊन बसली आणि ऑफिसातल्या मशीनवरून चाचणीचे मजकूर मागवू लागली. नणंद शोधत आली.

“वहिनी, इथे काय करतेस?”

“इथे रेंज धड येत नाही ना, म्हणून!”

“लोक रेंज शोधत फिरतात. तुझं काहीतरी भलतंच!” म्हणत नणंदही शेजारी टेकली.

तासाभरानं पडद्यावर दोन मजकूर एकमेकांत मिसळले. “सापडलं!” ती ओरडली. पहिला मजकूर पूर्ण रवाना होण्याआधीच तिचा कोड त्याची मेमरी दुसऱ्याला देऊन टाकत होता. वेगवान नेटवर्कवर रवानगी चटकन व्हायची, म्हणून झाकली मूठ तशीच राहिली होती.

“कुणी केलं हे?” नणंदेनं विचारलं.

“मीच,” ती म्हणाली. तिचे कान तापले होते.

दुरुस्ती तीन ओळींची निघाली. नव्या आवृत्तीच्या टिपणात तिनं ‘चूक माझी’ असं लिहिलं आणि ती दाखवून देणारे म्हणून ग्रंथपालांचा उल्लेख केला. त्यांचा लगेच फोन आला.

“आभार राहू द्या. आधी सांगा, हे थ्रेड म्हणजे नक्की काय?”

तिनं खुर्ची पुढे ओढली. दोघं दुपारभर बोलत राहिले. ग्रंथपालांनी सगळं लिहून घेतलं आणि त्या फ्रेमवर्कची नवशिक्यांसाठीची पहिली पुस्तिका त्यातूनच तयार झाली.