खिशातल्या फोनले नाव कसं कळलं?

सन २०२३. मले एकाहत्तरावं लागलं होतं. आधीच सांगून ठेवतो – भूत, भानामती, अंगात येणं, हे मी जन्मात कधी मानलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, तेही पडत-झडत. पण डोकं शाबूत आहे अन् मी खोटं लिहीत नाही. ज्याले पटत नसेल त्यानं इथंच थांबावं!

मी नागपुरात राहतो, सक्करदऱ्याले, तलावाच्या मागच्या बाजूनं. कोणाचा पाय मुरगळला, कंबर धरली, की लोक माझ्याकडे येतात. एका झाडाची मुळी उगाळून मी लेप लावून देतो. फुकट. बेचाळीस वर्षं झाली. "लेपवाले बाबा" म्हटलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडते. याचा मले गर्व आहे, अन् काहून नसावा?

झाडाचं नाव मात्र सांगत नाही. औषधाचं नाव तोंडातून निघालं की गुण जाते, ही आमची रीत. ही अंधश्रद्धा नाही, शिस्त आहे. अन् ते नावही पुस्तकातलं नाही – आमच्या घरचंच, कोण्या पणज्यानं ठेवलेलं. बापानं मले मरायच्या आधी एकदाच सांगितलं. सांगणाऱ्याच्या हातचा गुण संपते अन् ऐकणाऱ्याच्या हाती जाते. म्हणून मी बायकोले सांगितलं नाही, पोराले नाही. नात प्रांजली नर्सिंग शिकते, ती कधीची मागे लागली होती. मी म्हणायचो, "मी काय म्हातारा झालो का वं?"

तर त्या वर्षी पोरानं मले त्याचा जुना टच फोन दिला. प्रांजूनं त्यात एक फुकटचं अ‍ॅप टाकलं. झाडाचा फोटो काढला की नाव सांगते म्हणे. उघडलं न उघडलं तोच त्याच्या चौकशा सुरू!

"हे काय विचारून राहिलं?"

"तुम्ही कुठं आहात ते पाहू का, म्हणते. मग नंबरांची यादी पाहू का. मग आवाज ऐकू का."

"झाडाचं नाव सांगायले माझा आवाज काहून पाहिजे? झाड बोलते का?"

"आबाजी, फुकट आहे ना ते. फुकट देणारा काहीतरी घेणारच."

"मी बी फुकटच देतो. पाय मुरगळलेल्या माणसाले विचारतो का, तुझ्या घरी कोण कोण आहे, साळ्याचा नंबर काय?"

"विचारता की! परवा कमलाकाकूंले त्यांच्या सुनेचं सारं खोदून खोदून विचारत होते."

ही पोरगी वकील व्हायले पाहिजे होती. शेवटी एकट्या कॅमेऱ्याले "हो" म्हटलं, बाकी सगळ्याले "नाही". तिनं खरंच "नाही" दाबलं का, ते मी दोनदा दाखवायले लावलं.

मग घेतली त्याची परीक्षा. तुळस ओळखली. कडुलिंब ओळखला. अंबाडीले मात्र भलतंच काहीतरी म्हणालं. नावं सगळी इंग्रजीत, प्रांजू वाचून सांगे. मी खुश – म्हटलं, याले काही येत नाही.

दिवाळी झाली अन् घरातली मुळी संपली. भिवापूरकडे माझ्या भावाचं मिरचीचं वावर आहे, त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ते झाड आहे. मी एस.टी.नं गेलो. भर दुपार, दीड वाजला असेल. मिरची तोडणाऱ्या बाया लांब बाभळीखाली भाकर खात होत्या, जवळ चिटपाखरू नाही. फोन सदऱ्याच्या खिशात, खिशाले बटन लावलेलं. त्या झाडाचा फोटो मी काढला नव्हता. कधी काढलाच नसता!

मुळी खोदताना बोलायचं नसते. मातीले हात लागला की तोंड बंद, ते मुळी फडक्यात बांधेपर्यंत. नाव घ्यायचं, पण मनात. मी मनातल्या मनात नाव घेतलं... अन् खिशात फोन थरथरला.

मुळी बांधली, हात पुसले, फोन काढला. तेच अ‍ॅप उघडं. फोटो काळा कुट्ट, खिशातल्या अंधाराचा. अन् त्याच्या खाली मराठीत – मराठीत! – ते नाव. मी अक्षराले अक्षर लावून वाचतो, मले वेळ लागते. तीन वेळा वाचलं. शेवटचं अक्षर बापानं जसं लांबवलं होतं, तसंच लांब. त्याखाली विचारलेलं – "हे नाव बरोबर आहे का?" एकीकडे हो, एकीकडे नाही.

काय सांगू, अंगावर काटा की काय म्हणतात तो सर्रकन टाचेपर्यंत गेला! भ्या नाही, भ्या मले वाटतच नाही. टोपी काढून धुऱ्यावर बसलो अन् एकटाच हसत सुटलो. ज्या नावासाठी मी बायकोले रुसू दिलं, ते माझ्याच खिशातून मले विचारून राहिलं!

मग अंगठ्यानं "नाही" दाबलं. धडधडीत खोटं. फोन काळा पडला.

घरी येऊन प्रांजूले सांगितलं. तिनं सगळं उलटं-पालटं करून पाहिलं. तुळस होती, कडुलिंब होता, अंबाडी होती. त्या दुपारचं काहीच नाही.

"आबाजी, तुम्ही बोलले असाल."

"तोंड बंद होतं."

"मग कुठं तरी टाइप केलं असेल."

"मले टाइप करता येते का?"

तिनं आवाजाचं बटन पाहिलं, बंदच होतं. अन् मराठी तर त्या अ‍ॅपात नाहीच म्हणे. "बरं, नाव काय आलं होतं ते सांगा. शोधून पाहते, लगेच कळेल."

"तेच तर सांगता येत नाही ना वं!"

ती हसून-हसून खाटेवर पडली. माझं हसू मात्र तिथंच थांबलं.

पोरगा म्हणाला, ऊन लागलं असेल. पुढं गांधीबागेतल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याले विचारलं, तो म्हणाला, "बाबा, असं होतच नाही." होत नाही, हे मलेही माहीत आहे. पण झालं! वाचणाऱ्यांपैकी कोणाजवळ उत्तर असेल तर जरूर कळवा, फक्त नाव विचारू नका.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र डोक्यात घट्ट बसली. मी तोंड उघडलं नव्हतं, तरी नाव बाहेर गेलं होतं. ज्याचं तोंड मी पाहिलं नाही त्याले माहीत, अन् घरची पोरगी विचारून विचारून थकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, प्रांजूले मागच्या अंगणात नेलं. तिचा फोन घरातच ठेवायले लावला. म्हटलं, "शोधायचं नाही, लिहायचं नाही." अन् नाव सांगितलं. एकदाच.

तिनं माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, "आबाजी, मग तुमच्या हातचा गुण?"

"गेला."

आठच्या सुमाराले भाजीचा हातगाडीवाला लंगडत फाटकात आला. पाय मुरगळला होता. "बाबा, जरा लेप..."

मी खुर्चीतून उठलो नाही. आत आवाज दिला – "प्रांजू, बाहेर ये वं. तुझा पेशंट आला."