अंगणातलं मीठ

आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि घरापुढे पेव्हर ब्लॉक बसवले तेही मीच, शहापूरच्या नोकरीच्या पगारातून. मुद्दाम सांगते. आमच्या शेणवे गावात बाकीची अंगणं शेणानं सारवलेली. आमचं लाल, धुतलं की चकाकणारं.

आषाढ लागला आणि ब्लॉकच्या फटींतून गवत वर आलं. सकाळी धुकं पार उंबऱ्यापर्यंत यायचं. समोरचा डोंगर दिसायचाच नाही. त्या पांढऱ्यात फटींच्या हिरव्या रेघा तेवढ्या दिसायच्या, कुणी रात्रीत चौकटीची वही आखून गेल्यासारख्या. मला रागही यायचा आणि बघत राहावंसंही वाटायचं.

"उकळतं पाणी ओतते," मी आईला म्हटलं.

"नको गो. भुईत जीव असतात, जळतील."

"आणि राब जाळतेस तेव्हा?" भाताची रोपं जिथे टाकायची, तिथे ती उन्हाळ्यात शेण, पाला, काटक्या पसरून पेटवते. गवताचं बी मरतं. तोच राब.

"तवा भुई निजलेली असते. आता जागी हाय."

मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर. हसले. मोबाइलवर दुसरा नैसर्गिक उपाय होता, मीठ. खडे मीठ आणलं, बादलीत विरघळवलं आणि पाऊस उघडल्यावर एका दुपारी फट न् फट भिजवली. आई भिंतीशी कुर्डूची भाजी निवडत बसली होती, उठेना, म्हणून तेवढा कोपरा राहिला.

"घाल, भुईचं लोणचं घाल," ती म्हणाली.

दोन दिवसांत गवत पिवळं पडलं. मी शेजारणींना बोलावून दाखवलंसुद्धा. मग रात्रभर पाऊस लागला, आणि अंगणाचा उतार कुठे जातो हे मला तेव्हा आठवलं. आईच्या काकड्यांच्या वाफ्यात.

ते बी तिच्या माहेरचं, मुरबाडकडचं. दर वर्षी एक काकडी वेलावरच पिवळी होऊ द्यायची, तिचं बी शेणात कालवून भिंतीला थापायचं. नव्या रंगवलेल्या भिंतीला शेण नको म्हणून मी भांडले होते. तिनं थापलंच. ज्येष्ठात ते वाळलेलं शेण तिथेच भिंतीशी ब्लॉकवर फोडलं आणि सगळं बी वाफ्यात पेरलं. माहेरी आता बाजारची पाकिटं पेरतात. म्हणजे ते बी जगात उरलं होतं ते फक्त या वाफ्यात.

वेलांची पानं कडेनं करपून मुडपली. आई वाफ्यात बसली, चिमूटभर माती उचलून तिनं जिभेवर ठेवली.

"खारट," म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवसांत वाफा संपला. त्यानंतर रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी खुरपं घेऊन अंगणात बसायची. खारवलेल्या फटी अजून उजाडच होत्या. आईच्या कोपऱ्यात आणि कडेनं मात्र रान माजलं होतं. ती शेजारी येऊन बसायची. मी उपटून टाकलं की त्यातलं अर्धं परत उचलायची. "हा टाकळा, कोवळा हाय. हा माठ. अगं, तू भाजी फेकतेस! कॉलेजात काय दाखवलं नाय?"

"दाखवलं. लॅटिन नावानं."

"मग लॅटिनातच शिजव."

धुक्यात तिचा हात तेवढा जवळ दिसायचा, बाकी ती आवाजच. किती वेळ बसायचो कळायचं नाही. बोटं आपोआप चालायची, बुडाशी धर, ओढ, झटक.

अशीच एकदा भिंतीकडच्या कोपऱ्यात पोचले. बोटांनी एक देठ धरला आणि हात तसाच थांबला. पान खरखरीत होतं. बारीक लव, पाच कोन, बुडाशी शेणाचा खडा. ओढायचंच बाकी होतं.

"आये," मी म्हटलं. "हात लाव याला."

तिनं डोळे मिटून पान चिमटीत घेतलं. मग खुरपं माझ्या हातातून काढून लांब ठेवलं.

मी उठून पहार आणली आणि वेलाभोवतीचे चार ब्लॉक उचकटले, तुटले तरी चालतील म्हणून. आईनं रानातली माती ओंजळीनं आणून भरली. दर ओंजळीआधी चिमूट जिभेवर.

"कपाटातली चांगली सुतळी काढ," ती म्हणाली. "आणि वेल भिंतीवर चढवायचा हाय. तुझ्या रंगावर."

"चढव," मी म्हटलं.