बूट आवळ, नाम्या

माझ्या बायकोसोबत मी शेवटचं साधं काम केलं ते म्हणजे तिच्या बुटाची लेस बांधली. मतदानाचा दिवस होता. जागा, स्कॉटलंडात एडिंबराच्या बाहेर, पोराच्या घराजवळची प्राथमिक शाळा. पाऊस नव्हता, वारा होता. तारानं हिरवं नऊवारी नेसलं होतं, वर सुनेचं जाड जॅकेट आणि पायात पोरानं घेऊन दिलेले पांढरे बूट. गेटपाशी एका बुटाची लेस सुटली. गुडघ्यामुळं तिला वाकता येत नव्हतं. मी वाकलो.

वरून ती म्हणाली, "घट्ट आवळा. नाईक म्हणाले होते तसं."

मी फौजेत हवालदार होऊन पेन्शनीत आलो. पण आमच्या घरात रँकनं नाव एकाचंच निघायचं. नाईक म्हणजे महादू. माझा दोस्त, माझ्याच सेक्शनचा, आणि ताराचा पहिला नवरा. तो गेल्यावर दोन वर्षांनी दोन्हीकडच्या थोरल्या माणसांनी बसून तिचं माझ्याशी म्होतूर लावलं. आमच्यात विधवा बाईचं दुसरं लग्न असं घरातल्या घरात लागतं, वाजंत्री नसते.

मी सातवीपर्यंत शिकलो. सिव्हिल माणसाला कळेल असं सरळ लिहितो.

आमची कंपनी ईशान्येच्या डोंगरात होती. तिथल्या पोरांना वेगळा देश पाहिजे होता. राज्याचं नाव लिहीत नाही. आज तिथं शांतता आहे, ती राहावी. आमचं रोजचं काम रोड ओपनिंगचं. उजाडता उजाडता निघायचं, ज्या रस्त्यानं गाड्या जाणार तो पायी तपासायचा, दोन्ही अंगाला जवान बसवायचे, गाड्या गेल्या की परत. मग चहा, हत्यार सफाई, आणि टपाल आलं असलं तर टपाल.

महादूला ताराचं पत्र यायचं. माझं लग्न झालं नव्हतं. मला भावाचं यायचं, त्यात म्हशीचं.

महादू मोठ्यानं वाचायचा. "ऐक. लिहितीय, चुलीचा धूर डोळ्यात गेला की तुमची आठवण येते. जळू नको, नाम्या."

"मी कशाला जळू? माझी म्हैस व्यालीय."

सगळी बराक हसायची. पण मी जळत होतो. खरं ते लिहितो. फायरिंगला तो पहिला. बढतीची फीत त्याला आधी. बायको त्याला आधी. दिसायलाही देखणा, त्यात माझं काय चालणार.

त्या दिवशी सेक्शन कमांडर हवालदार रजेवर होता, म्हणून सेक्शन महादूकडं. तो पुढं, मी त्याच्या मागं. एका वळणाच्या अलीकडं तो थांबला. मागं वळून माझ्या पायाकडं बघितलं.

"नाम्या, बूट आवळ."

लेस लोंबत होती. मी गुडघ्यावर बसलो. त्याच वेळी वरच्या बांबूतून फायर आला. मी बसलेला, माझ्या डोक्यावरनं गेला. महादू उभा होता. त्याला छातीत लागलं. तो पडला तो बोललाच नाही.

आमचा रेडिओवाला दगडाआड आडवा होऊन हळू आवाजात बोलत होता.

"फायर आला. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"सेक्शन कमांडर. ओव्हर."

"हालत? ओव्हर."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"संपला. ओव्हर."

आम्ही उलट फायर दिला. ती पोरं डोंगरात निघून गेली. महादूला ब्लँकेटात घालून खाली आणला. डोक्याकडची बाजू माझ्या हातात होती.

आमची गावं शिवेला शिव लागून, म्हणून अस्थी घेऊन मलाच पाठवलं. तारा सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. रडून संपलं होतं. तिनं एकच विचारलं.

"शेवटी काय म्हणाले?"

"बूट आवळ म्हणाला. मला."

"आणि मला?"

"तुला काही नाही. वेळच नव्हता."

ती म्हणाली, "म्हणजे शेवटचं बोलणं तुमच्या वाटणीला आलं."

ते तिनं मला कधी माफ केलं नाही. संसार झाला, पोरगा झाला, पोरगा शिकून इकडं आला, आम्हाला घेऊन आला. पण आमचं खरं भांडण एकच राहिलं. मला वाटायचं ती अजून त्याची. तिला वाटायचं तो शेवटी माझा.

तर शाळेचं गेट. लेस बांधून उठलो तेवढ्यात शेजारचा ॲलन कुत्रं घेऊन आला. तोही जुना सोल्जर. स्कॉटलंड वेगळा देश व्हावा म्हणतो, खिडकीत तसं पोस्टर आहे. त्या मतदानाचा मुद्दाही तोच होता. मला सार्जंट म्हणतो.

"व्होटिंग फॉर अस, सार्जंट?"

"नो. वन कंट्री, वन आर्मी."

तो हसला. "देन वी कॅन्सल ईच अदर आउट." म्हणजे त्याचं मत नि माझं मत फिटंफाट. आणि कुत्र्यामागं निघून गेला.

त्याचा मला लई हेवा वाटला. देश तोडायचा म्हणतो आणि निवांत कुत्रं फिरवतो. त्याला कोणी ब्लँकेटात घालून आणत नाही, तोही कोणाला पाठवत नाही. आत गेलो तर दोरीला बांधलेली एक पेन्सिल. एवढंच हत्यार. इथले नागरिक नसलो तरी कॉमनवेल्थ देशातले म्हणून आम्हाला दोघांनाही मत होतं.

बाहेर बाकड्यावर बसलो. मी विचारलं, "कुणाला दिलंस?"

"ॲलनच्या बाजूला."

"शुद्धीवर हायस का? नाईक कशापायी मेला?"

"म्हणूनच दिलं. तिकडं डोंगरातल्या पोरांना कोणी अशी पेन्सिल दिली असती, तर नाईक घरी आले असते."

"आणि मी? मी कुठं असतो मग?"

तिनं माझ्याकडं बघितलं.

"म्हशीकडं."

ती हसली. मी नाही हसलो. मतपेटीतसुद्धा महादूच गेला होता.

घरी आलो. लेस न सोडताच तिनं टाच दाबून बूट काढले. मला ते आवडत नाही. चहा घेतला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. हृदयाचं जुनं दुखणं होतं, असं कधीही होईल हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी सून हाक मारायला गेली. ती स्वतः डॉक्टर. हात लावला आणि तिला कळलं. ऊन अजून खिडकीत होतं. इथं या दिवसांत उजेड लवकर हटत नाही.

मी रडलो नाही. मला एकच सलत होतं. ती आता त्याच्याकडं जाणार. तो अजून सव्वीस वर्षांचा आहे. मी मागनं जाणार, काठी टेकत. तेव्हाही तो आधी, आताही तोच आधी.

सकाळी सून म्हणाली, "बाबा, फ्युनरलवाले ऑन द वे आहेत. आईंना कुठलं लुगडं?"

"कालचंच."

मी दारातनं पांढरे बूट उचलून आणले. सून हळूच म्हणाली, "बाबा, आपल्यात पायात काही घालत नाहीत ना."

"माहितीय."

बाहेर ॲलन उभा होता. कुत्रं नव्हतं, टोपी हातात होती. निकालाचं तो बोलला नाही, मी विचारलं नाही.

दोन्ही लेस पूर्ण सोडल्या. बूट तिच्या पायात घातले. गुडघ्यावर बसलो आणि आवळले, पलटणीत शिकवतात तसे, डबल गाठ मारून. नाईक महादू पुढं कुठंतरी वळणावर थांबला असेल. मागं वळून तो पहिलं पायाकडंच बघणार.

बघू दे. गाठ माझ्या हातची आहे.