संदेश आणि जीनसचा अर्थ

संदेशला पाण्याच्या पाइपने मारलं. मागून, डोक्यात, अख्खी बिल्डिंग बघत असताना.

आज वर्ष झालं.

काहीजण अजून "अपघातात गेला" म्हणतात. अपघात नव्हता. म्हणून लिहितेय.

आम्ही एमएस्सीला एकत्र होतो. नंतर कल्याणच्या एका कॉलेजात दोघंही तासिका तत्त्वावर गणित शिकवायला लागलो. तो दिव्याला राहायचा, आईसोबत, चौथ्या मजल्यावर.

गरीब गाय वगैरे नव्हता. डोकं भयंकर तापट. बाप दारू पिऊन आईला पट्ट्याने मारायचा. कॉलेजात असताना एकदा यानेच बापाचा हात पिरगळून मोडला.

हे तो अगदी साधेपणाने सांगायचा. "मोडला. मग आईला परत कुणी हात नाही लावला."

आणि हाच माणूस ग्राफ थिअरीवर बोलायला लागला की आवाज एकदम खाली यायचा.

एमएस्सीत मला ग्राफचा जीनस कळत नव्हता. व्याख्या पाठ, अर्थ शून्य. तो मला शिळफाट्याच्या रस्त्यावर एका पंक्चरवाल्याकडे घेऊन गेला. स्कूटरची जुनी ट्यूब मागितली, हवा भरून घेतली आणि फुटपाथवरच बसला.

"तीन घरं. पाणी, गॅस, लाइट. प्रत्येक घराला तिन्ही लाइनी. एकही लाइन दुसरीला छेदायची नाही. कागदावर काढ."

मी काढत बसले. दरवेळी शेवटची एक लाइन अडायची.

"आता ट्यूबवर बघ." त्याने खडूने सगळं पुन्हा काढलं. एक लाइन मधल्या भोकातून फिरवून मागच्या बाजूने आणली. बसलं की.

"सपाट कागदावर नाही जमलं, एका भोकाच्या ट्यूबवर जमलं. कुठेही न छेदता बसायला ग्राफला, म्हणजे अशा ठिपक्या-रेषांच्या जाळ्याला, कमीत कमी किती भोकं लागतात, तो त्याचा जीनस. याचा एक."

"एवढंच?"

"कमीत कमी म्हणालो मी. सगळा घाम त्या शब्दात आहे. एकात बसतं हे काढून दाखवता येतं. शून्यात बसतच नाही, हे कसं सांगशील? तुला जमलं नाही हे प्रूफ नाही."

मग त्यानेच दाखवलं. कागदावर जमलं असतं, तर सूत्राप्रमाणे, म्हणजे नऊ लाइनी वजा सहा ठिपके अधिक दोन, कागदाचे पाच तुकडे पडले असते, बाहेरचा धरून. घराला घर थेट जोडलेलं नाही, म्हणून त्रिकोण होत नाही; प्रत्येक तुकड्याला निदान चार कडा. म्हणजे वीस. पण लाइनी नऊच. दोन्ही बाजू मोजल्या तरी अठरा.

वीस मावत नाहीत अठरात. संपलं.

फुटपाथवर बसल्या बसल्या माझ्या अंगावर काटा आला.

तो गेला त्या सकाळी त्यांच्याकडे वर पाणी चढलं नाही. तळमजल्यावरच्या एका माणसाने लाइनला थेट मोटर लावलेली. शेजारच्या काकू खाली विचारायला गेल्या. त्याने हातातली बादली त्यांच्या तोंडावर मारली. दात पडले.

किंचाळी ऐकून संदेश खाली धावला. त्या माणसाची कॉलर धरली आणि त्याला भिंतीवर आपटलं. खोटं कशाला सांगू, पुन्हा पुन्हा आपटलं.

तेवढ्यात त्या माणसाचा पुतण्या लोखंडी पाइप घेऊन मागून आला.

पहिल्याच फटक्यात संदेश पडला. पडल्यावरही पुतण्या मारत राहिला.

संदेशची आई जिन्यात पोचलेली. तिने सगळं बघितलं.

मी हॉस्पिटलात गेले तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता. एक डोळा सुजेत गायब. आई म्हणाली, "त्याचं लेक्चर असेल ना आज? तू जा. मुलं थांबली असतील."

मी गेले. तिथे बसवत नव्हतं, हे खरं कारण.

थर्ड इयरचा वर्ग. टॉपिक तोच, जीनस. मी तेच प्रूफ फळ्यावर घेतलेलं. पाच तुकड्यांपर्यंत आले आणि टेबलावरच्या फोनवर त्याच्या मावसभावाचा मेसेज दिसला.

"गेला."

मी लिहीत राहिले. वीस लिहिलं. अठरा लिहिलं. मग वळून म्हणाले, "सर गेले."

आणि फळ्यावर मुठी मारत सुटले. किती वेळ, माहीत नाही. खडूच्या अक्षरांवर रक्त लागलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने उठून माझी मनगटं धरली.

नंतर कित्येक महिने मी मनात त्या पुतण्याला मारत होते. भाजी चिरताना, पेपर तपासताना. रोज वेगळ्या पद्धतीने.

गेल्या तारखेला ठाण्याच्या कोर्टात तो दिसला. जामिनावर सुटलेला. आमच्याकडे आला आणि आईच्या पायाशी वाकला. "आई, रागात झालं माझ्याकडून."

आईने त्याचे केस धरले. दुसऱ्या हाताने पायातली चप्पल काढली आणि मारायला लागली. तोंडावर, कानावर, पुन्हा तोंडावर. त्याने हात वर केले नाहीत. ओठ फाटला तेव्हा हवालदाराने तिला ओढून बाजूला घेतलं.

मी आडवी गेले नाही. मला हवं होतं ते.

बाहेर टपरीवर बसलो. तिने चहा नुसता धरून ठेवला. मग म्हणाली,

"वाटलेलं, बरं वाटेल."

"मग?"

"नाही वाटलं गं."

केस चालू आहे.

संदेश, आई आता माझ्याकडे असते, डोंबिवलीला. जेवते. झोपही लागायला लागलीय. तिची काळजी करू नकोस.

शेवटचा जय भीम, मित्रा.