आमच्या दारात 'या' म्हणत नाहीत

पोस्टमार्टेम विभागात काम करते म्हटलं की लोक आधी दोन पावलं मागं सरतात, आणि लगेच चार पावलं पुढं येऊन विचारतात, "काही किस्से सांगा की!" किस्से काय, न मागता साठतात. चहाला बसलं की एकातून दुसरा निघतो.

माझाच घ्या. राजारामपुरीतल्या आमच्या घरी मला बघायला पाव्हणे आले. पोहे झकास झाले होते. "मुलगी डॉक्टर, म्हणजे कसली?" आईनं चाचरत सांगितलं. मुलाच्या मावशीचा घास हातातच थांबला. "पोहे हिनंच केलेत का?" स्थळ गेलं. उरलेले पोहे दुसऱ्या दिवशी आमच्या विभागानं चाटूनपुसून खाल्ले!

आमचे विभागप्रमुख चौगुले सर म्हणजे तोफ. हातकणंगल्याकडचा एक हवालदार घाई करायला लागला. "सर, सिरियलमध्ये पाच मिनिटांत कारण सांगत्यात की!"

"मग सिरियलवाल्यांकडंच न्यायचं हुतं!"

पण लहान मूल आलं की हीच तोफ गार. सर आधी बाहेर जाऊन आईशेजारी बाकावर बसणार. बाळाचं नाव काय, दूध पिताना घामेजायचं का, घरात कुणी तरणंताठं अचानक गेलंय का. "निम्मं कारण हितं बाकावर कळतंय," म्हणतात.

आणि एक रीत. मयताच्या घरातून निघताना जसं कुणी 'येतो' म्हणत नाही, तसं आमच्याकडंही नाही. आम्हीही 'या' म्हणत नाही. एका नव्या डॉक्टरनं सवयीनं त्याच हवालदाराला म्हटलं, "बरंय, या परत!" गडी मोटारसायकलवरून खाली उतरला. "डॉक्टर, आमंत्रण नगा देऊ की! ड्युटीवर येतोय तेवढं बास हाय!"

मग मलकापूरकडची सुवर्णा आली. तिचं बाळ झोपेत गेलं होतं. नाकातोंडात दूध दिसलं आणि घरानं ठरवूनच टाकलं, हिनं झोपून पाजलं, हिनंच घालवलं. ती बाकावर एकटी, सासू व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मला बघवत नव्हतं.

सरांनी बाळाचं हृदय तपासलं, त्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कारण पक्कं झाल्यावर सगळ्या घराला बोलावून घेतलं.

"मावशी, जीव जाताना पोटातलं दूध वर येतंय. त्यानं बाळ गेलं न्हाय. त्याच्या हृदयाची भिंत जाड हुती, जन्मापासनं. हिचा काय बी दोष न्हाय."

सासूनं सुवर्णाचा हात धरला. "चुकलं गं माझं."

"रडा मागनं," सर म्हणाले. "थोरली पोरगी हाय न्हवं? ह्यो आजार घराण्यात असतोय. तिला उद्याच दाखवा."

थोरलीलाही तेच निघालं. पण वेळेत! औषधं सुरू झाली.

परवा तिघी आल्या, सासू, सून आणि नात. पेढे घेऊन, पोस्टमार्टेमला! आमच्याकडं कोण पेढे आणतंय? मला तर या नोकरीसाठी देवाला हात जोडावेसे वाटले.

निघताना सासू-सून रीतीप्रमाणे न बोलता बाहेर पडल्या. पोरगी मात्र दारात थांबली, हात हलवला आणि मोठ्यांदा ओरडली, "येतो हं, आजोबा!"

सुवर्णानं तोंडावर हात ठेवला.

चौगुले सर खुर्चीतून उठले, दारापर्यंत गेले.

"या की पावणं," म्हणाले. "कवाबी या!"