मोजलेला गुडघा

आमचे हे फरशी बसवतात. तीस वर्षं गुडघ्यांवर संसार चालवला. हट्टी इतके की एखादी फरशी केसभर वर राहिली, तर ओली असतानाच उचकटून पुन्हा बसवणार. राग कोणावर? स्वतःवर.

यंदा डाव्या गुडघ्यामागे लिंबाएवढी गाठ आली. पाय धड दुमडेना, धड सरळ होईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांध्यातलं पाणी मागे साठलंय. घरीच बरं होईल, पण आठवडे लागतील. गुडघ्यावर बसणं बंद. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं धरायचा, पट्टी बांधायची, पाय उशीवर. चोळायचं नाही, टोचायचं तर मुळीच नाही." मग माझ्याकडे वळल्या. "पोटरी अचानक सुजली, गरम किंवा लाल झाली, तर घरी थांबू नका. त्याच दिवशी या."

ह्यांच्या डोक्यात मात्र वाचनालयाचा हॉल. मोठं काम, शब्द दिलेला, सुरू व्हायला महिना. "तोवर उभा करतो ह्याला," म्हणाले. गुडघा म्हणजे जसा काही कामचुकार गडीच.

घरचे उपचारही फरशीवाल्याच्या पद्धतीने. गुडघ्यावर पेन्सिलीची खूण, रोज सकाळी त्याच खुणेवर दोरी गुंडाळून माप. आठवडाभर माप हललं नाही, तशी चिडचिड सुरू झाली. मी म्हटलं, "रात्रीत सुकायला ते काय सिमेंट आहे?" बर्फाची मात्र एक वेळ चुकवली नाही.

सतराव्या दिवशी सकाळी ओरडले, "अगं, गेली!" खरंच, दोरी सैल. गुडघ्यामागे हाताला काही लागेना. लगेच थापी, लेव्हलपट्टी पिशवीत. हॉलची जमीन आधीच बघून येतो म्हणाले. पँट चढवताना मात्र डावा पाय अडला.

"अहो, पोटरी बघा."

"पोटरीचं माप कशाला? खूण वर आहे."

माझं डोकंच फिरलं. एका खोलीची लेव्हल लावली म्हणून शेजारची खोली सपाट होते का? पोटरी हाताला टणक आणि गरम लागली. मी दारात आडवी उभी राहिले. "खड्ड्यात गेला तुमचा हॉल. आधी दवाखाना." चांगलं कडाक्याचं भांडण झालं, शेजारी बाहेर आले, पण मी हलले नाही.

तपासणीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली नाही. गाठ आतल्या आत फुटून पाणी पोटरीत उतरलं होतं. "हे जिरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण सांधा झिजलाय. गाठ परत येऊ शकते. तासन्‌तास गुडघ्यावर बसणं आता विसरा."

घरी येताना ह्यांनी माझा हात धरला. "मग मी करू काय?" असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हॉलचं काम दुसऱ्याला गेलं.

दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाय उशीवर. सूज उतरल्यावर डॉक्टरीणबाईंनी शिकवलेला व्यायाम, कंटाळा आला तरी, दुखलं की थांबून. दोन महिने गेले. मग एक बुटकं स्टूल आणलं, गुडघ्यांना बांधायच्या जाड गाद्या आणल्या आणि स्वयंपाकघरात जुन्या फरशा मांडून सराव सुरू केला. वीस मिनिटं खाली, गजर झाला की उठून चालायचं. मला भाजी चिरायला जागा उरली नाही.

परवा फोन आला. तीन खोल्यांचं काम. पलीकडून पाच दिवस म्हणाले असावेत.

"नाही," हे म्हणाले. "दहा लागतील. मी मधे मधे उठून काम करतो. चालत असेल तर सांगा, नाहीतर दुसरा माणूस बघा."

गिऱ्हाइकाला जास्त दिवस ह्यांनी आजवर कधी सांगितले नव्हते. ह्यांनी फोन कानाला घट्ट दाबला. भाजी चिरता चिरता माझी सुरी थांबली.

"बरं," हे फोनवर म्हणाले. "सोमवारी येतो."

फोन ठेवून माझ्याकडे वळले.

"दहा म्हणालो मी. ऐकलंस ना?"

"ऐकलं," मी म्हटलं.