चौगुलेची हजेरी

दोन वर्षं मी कोल्हापुरात आमच्या युनिटच्या एम.आय. रूमला होतो. एम.आय. रूम म्हणजे युनिटचा छोटा दवाखाना. मी ट्रेड्समन. झाडणं, पुसणं, चादरी, पाणी ही माझी कामं. आठवीत शाळा सोडून भंडाऱ्याकडून भरती झालेला माणूस. रजिस्टर समोर आलं तरी हाताला घाम यायचा. आमच्या डॉक्टर कॅप्टन मॅडमनी मला थर्मामीटर वाचायला शिकवलं. मग नाडी मोजायला, मग नोंद लिहायला. "चुकलं तर खोडायचं नाही. रेघ मारून शेजारी लिही," एवढंच म्हणायच्या. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

नर्सिंग असिस्टंट कोर्सला गेला आणि फॉलोअपचे फोन माझ्याकडे आले. काही जवानांचं तातडीचं ऑपरेशन शहरात व्हायचं आणि त्याच दिवशी त्यांना घरी सोडायचे. त्यांना रोज सकाळी नऊला फोन करायचा. प्रश्न चार, क्रम ठरलेला. ताप किती? दुखणं कसं? ड्रेसिंग ओलं आहे का? लघवी साफ होते का? उत्तर लिहायचं, सही करायची. क्रम चुकेल या भीतीनं मी तो तळहातावर पेनानं लिहून ठेवायचो.

नायक जोतिराम चौगुले राधानगरीच्या वरच्या अंगाचा. बसायच्या जागेजवळ मोठं गळू झालं होतं. सोमवारी दुपारी चिरा देऊन पू काढला. रक्तात साखर वाढलेली निघाली. गोळ्या दिल्या, रोज गावाजवळच्या आरोग्य केंद्रात ड्रेसिंग करायला सांगितलं आणि संध्याकाळी घरी सोडलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, जागा कुठली ते कुणाला सांगू नका. पोरं हसत्यात."

मंगळवारी फोन केला.

"ताप?"

"अठ्ठ्याण्णव."

"दुखणं?"

"कमी."

"ड्रेसिंग?"

"कोरडं. केंद्रात बदललं."

"लघवी?"

"साफ. ऑल ओके."

मला बरं वाटलं. बुधवारी तेच उत्तर. गुरुवारी तेच, त्याच चालीत, तेवढाच दम घेऊन. ऑपरेशन झालेला माणूस फोनवर कुरकुरतो, खोकतो, बायकोला हाक मारतो. इथं फोनमागं भांडं वाजत नव्हतं, माणूस बोलत नव्हतं. काहीतरी खटकलं. पण मी कोण बोलणारा? लिहिलं, सही केली.

शुक्रवारी हात धुतला होता, तळहातावरचं पुसलं गेलं होतं. गडबडीत मी तिसरा प्रश्न आधी विचारला.

"ड्रेसिंग ओलं आहे का?"

"अठ्ठ्याण्णव."

पुढचा प्रश्न मी विचारलाच नाही. थोड्या वेळानं फोनमधून आवाज आला, "कमी." मी पेन खाली ठेवलं. "कोरडं. केंद्रात बदललं." पुन्हा तेवढाच दम. "साफ. ऑल ओके." फोन बंद.

रजिस्टर घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी एकाखाली एक ओळी वाचल्या. सगळ्या सारख्या.

"शरीराचा ताप चार दिवस एका आकड्यावर राहत नाही," त्या म्हणाल्या. "गाडी काढा."

नऊ चाळीसला निघालो. ड्रायव्हर महादू कागलकडचा. दोन वर्षं झाली तरी मला पावणंच म्हणायचा. "काय पावणं, फोनवर भूत बोलतंय व्हय?" राधानगरी मागं टाकली. धुकं इतकं दाट की साडेअकराला दिवे लावून गाडी चालवावी लागली. कडेला म्हशी उभ्या होत्या, हालत नव्हत्या. राखायला कुणी नाही.

घराचं दार अर्धं उघडं होतं. दोनदा हाक मारली. ओ आली नाही. मी अंगणातून जोतिरामचा नंबर लावला आणि खिडकीतून आत पाहिलं. तो बाजेवर पडलेला. चेहरा राखेसारखा. डोळे उघडे, तोंड मिटलेलं.

माझ्या कानात आवाज आला, "जय हिंद. अठ्ठ्याण्णव."

जोतिरामचाच आवाज. समोर जोतिरामचे ओठ हलत नव्हते.

मॅडम दार ढकलून आत गेल्या. आतून वास आला. मागच्या गोठ्यातून एक माणूस फोन कानाला लावून आला. आम्हाला पाहून परेडवर उभं राहावं तसा ताठ झाला. तो धाकटा भाऊ, सर्जेराव.

"दादानंच सांगितलंतं की," तो म्हणाला. "बुधवारपास्नं त्याला बोलवंना. हवालदारची बढती आल्या, आजारी लिवलं तर मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, बढती अडंल म्हणाला. माझा आवाज त्याच्यागत. पाठ करून घेतलं."

"ड्रेसिंग कोण बदलतं?" मॅडमनी विचारलं.

"कोण न्हाय. हातच लावू देईना. वैनीलाबी न्हाय. जागा तसली."

फॉल-इनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, एखादा मित्र नसला की मागच्या रांगेतून दुसरा 'हाजिर' म्हणतो. मीही म्हटलेलं आहे. त्यात पाप वाटत नाही, दोस्ती वाटते. जोतिरामनं माझा फोन हजेरीच समजला होता. आणि माझे प्रश्न होतेच तसे, पाठ होण्याजोगे.

ताप एकशे चार. नाडी एकशे चाळीस. मी दोनदा मोजली. सलाइन लावलं, स्ट्रेचर गाडीत चढवलं. वाटेत तो एकदाच बोलला.

"भाऊ, रजिस्टरात काय लिवलं?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या सलाइनकडे बघत होत्या.

"ऑल ओके," मी म्हणालो.

"बरं झालं."

दुपारी पुन्हा ऑपरेशन झालं. जखम आत खूप पसरली होती.

त्यानंतर मॅडमनी पद्धत बदलली. प्रश्नांना क्रम नाही. काल काय जेवलास, शेजारी कोण आहे, त्याच्याकडे फोन दे. तिसऱ्या दिवशी जखम स्वतः डोळ्यानं बघायची, लाज वाटली तरी. मॅडम मला म्हणाल्या, "तुझ्यामुळे कळलं." मला तसं वाटत नाही. मला गुरुवारीच कळलं होतं.

आता पेन्शनीत आहे. घर लांबच राहिलं, कोल्हापूरनंच ठेवून घेतलं. वर्षातून एकदा युनिटच्या स्मारकाला फुलं वाहायला जातो. शिळेवरची नावं लढाईत गेलेल्यांची आहेत. रजेवर, घरी आजारी पडून गेलेल्याचं नाव तिथं कोरत नाहीत. नियम आहे, तक्रार नाही.

म्हणून इथं लिहितो. नायक जोतिराम चौगुले. शनिवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं.